विमानाचे तास आणि घड्याळाचे तास

आपल्या वऱ्हाडातली पोरे आता दूरदूर जातात. कोणी मुंबईला, तर कोणी थेट लंडनला. तिकिटावरचे आकडे आपले आपल्याला समजले पाहिजेत. नाहीतर विमान उडून जाते आणि माणूस खालीच राहतो. म्हणून आज आपण हा हिशेब शिकू.

आधी अंतर पाहू. बडनेऱ्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ६६० किलोमीटर पडते. विमानाला घाट नाही, वळण नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ५४० किलोमीटर आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी येथे प्रवासी विमान सुरू झाले. त्याला पावणेदोन तासांची वेळ दिली होती. असे विमान तासाला सुमारे ५०० किलोमीटर जाते. मग एवढा वेळ का? धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे, मुंबईवर गर्दी असली तर घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते. अकोल्याच्या माणसाने मूर्तिजापूरवरून बेलोऱ्याला येण्याचा वेळही धरावा.

आता लांबचे पाहू. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. जवळची वाट कोणती? शाळेत आम्ही मुलांना एक संत्रे घ्यायला सांगत असू. संत्र्यावर दोन ठिपके द्या आणि त्यांवर दोरा ताणून धरा. दोरा बसला ती जवळची वाट. आता साल काढून सपाट करा. ती फाटते. पृथ्वीही अशीच गोल आहे. म्हणून सपाट नकाशावर विमानाची वाट वाकडी दिसते, पण तीच जवळची असते.

वाऱ्याचाही हिशेब आहे. खूप उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. म्हणून जाण्यापेक्षा येण्याला बहुधा कमी वेळ लागतो.

आता खरी मेख घड्याळात आहे. तिकिटावर प्रत्येक गावची त्या त्या गावची वेळ असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या मागे साडेपाच तास असते. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा साडेचार तास. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून १४:०० ला निघाले आणि लंडनला १८:३० ला पोचले. १४:०० म्हणजे दुपारचे २, १८:३० म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. वाटते, साडेचार तासच लागले. त्यात साडेपाच मिळवा. झाले १० तास. मुलगा उतरतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असते. तोवर फोन आला नाही, तर घाबरू नये.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिकिटावर १५ तारीख आणि ००:३० अशी वेळ असेल, तर ती १४ तारखेच्या रात्रीनंतरची साडेबाराची वेळ. परदेशी जायचे तर तीन तास आधी पोचावे लागते. म्हणजे १४ च्या रात्री साडेनऊला मुंबईच्या विमानतळावर हजर. अमरावतीहून रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याने १३ तारखेलाच घर सोडावे. १५ ला निघणारा घरीच राहिला समजा!

आता तुम्ही करा: हिवाळ्यात विमान लंडनहून रात्री २१:०० ला निघाले. मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला पोचले. प्रवासाला किती तास लागले?

(उत्तर: ९ तास.)