जुन्या संगणकाला नवी स्मृती

तासिकेची घंटा होते, मुले संगणक खोलीत येतात, बटण दाबतात आणि पडद्याकडे पाहत बसून राहतात. पस्तीस मिनिटांच्या तासातील पहिली काही मिनिटे अशीच जातात. बार्शी तालुक्यातील वैरागच्या एका शाळेत आम्ही हे पाहिले, तेव्हा जुने संगणक भंगारात काढावेत असा विचार पुढे आला होता. पण दोष खरोखरच सगळ्या संगणकाचा होता का?

संगणक सुरू होतो तेव्हा कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हार्ड डिस्कवरून वाचली जाते. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या असतात. त्या बहुधा मिनिटाला ७२०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते. म्हणजे ४ मिलिसेकंद. वाचक योग्य वर्तुळावर सरकण्यास सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. एकूण झाले १३. समजा, विखुरलेले ३००० तुकडे वाचायचे आहेत, तर केवळ शोधाशोधीतच ३९ सेकंद गेले!

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, हिच्यात फिरणारे काहीच नसते. सिलिकॉनच्या चिपवर असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. विद्युतरोधक थराने वेढलेल्या या कप्प्यांत इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात आणि त्यांच्या प्रमाणावरून माहिती ओळखतात. वीज गेली तरी इलेक्ट्रॉन तेथेच राहतात. अशी नँड फ्लॅश स्मृती १९८७ साली जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व सहकाऱ्यांनी मांडली. येथे एक तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात मिळतो. तेच ३००० तुकडे ०.३ सेकंदात! अर्थात संगणक शंभरपट वेगवान होत नाही. प्रोसेसरचे काम पूर्वीइतकाच वेळ घेते. संपते ती वाट पाहणे.

मग कार्यप्रणाली नव्या जागी कशी न्यावी? नुसत्या फाइली उचलून ठेवल्या तर संगणक सुरू होत नाही, कारण सुरुवातीच्या सूचना डिस्कच्या ठरावीक भागात असतात. म्हणून डिस्कची हुबेहूब प्रत करणारी आज्ञावली वापरतात. प्रथम मुलांचे गुण, दाखले, पत्रे यांची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. एसएसडी लहान असेल तर जुन्या डिस्कवरील माहिती तिच्यात मावेल इतकी कमी करावी आणि विभागही लहान करून घ्यावा. प्रत झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी व केवळ नवीवर तो सुरू होतो का ते पाहावे. जुनी डिस्क काही दिवस तशीच जपून ठेवावी.

प्रत करताना 'कोठून' आणि 'कोठे' हे आम्ही नेमके उलटे निवडले होते. शेवटचे बटण दाबणार, तोच नववीतील एका मुलीने विचारले, "सर, मोठी डिस्क तर जुनी आहे ना? मग रिकामी हिच्यावर का उतरवताय?" तिने पडद्यावरचे आकडे वाचले होते. बटण दाबले असते तर त्या डिस्कवरचे सारे पुसले गेले असते. गुणपत्रकांची प्रत आधीच काढलेली होती, तरी आमच्या अंगावर काटा आला. तेव्हापासून डिस्कची क्षमता दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

एसएसडी अमर नाही. पुन्हा पुन्हा पुसून लिहिताना तिचे कप्पे झिजतात, आणि कधीकधी ती काही पूर्वसूचना न देता बंद पडते. हार्ड डिस्क निदान खडखड तरी करते! म्हणून महत्त्वाची माहिती सदैव दोन ठिकाणी हवी.

आपल्या शाळेत हा बदल करणार असाल तर त्याचा प्रयोग करा. बटण दाबल्यापासून संगणक वापरण्याजोगा होईपर्यंतचा वेळ मुलांना घड्याळावर पाच वेळा मोजू द्या. सरासरी काढा. बदलानंतर पुन्हा मोजा. किती वेळ वाचला, आणि जो वाचला नाही तो कोठे गेला? उत्तर मुलांनाच शोधू द्या.