फांदी कोणी हलविली?

जॉन नोल्स या अमेरिकी लेखकाची 'अ सेपरेट पीस' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. न्यू हॅम्पशायरमधील डेव्हन या काल्पनिक निवासी शाळेत, १९४२ च्या उन्हाळ्यात तिचे कथानक सुरू होते. बाहेर महायुद्ध पेटलेले असून सोळा वर्षांची मुले सैन्यभरतीच्या वयाकडे सरकत आहेत.

जीन अभ्यासात हुशार. त्याच्याच खोलीत राहणारा फिनियस खेळात अद्वितीय. एके दिवशी फिनियस शाळेचा पोहण्याचा विक्रम मोडतो आणि एकट्या साक्षीदार जीनला ही गोष्ट कोणाजवळही काढू नकोस असे बजावतो. कीर्तीचीही हाव नसलेला हा मित्र जीनला सोसवत नाही. तो मनाशी एक सोयीस्कर समजूत बांधतो: आपला पहिला क्रमांक हुकावा म्हणूनच फिनियस आपल्याला सतत खेळांत ओढतो.

पुढचा प्रसंग कादंबरीचा गाभा होय. परीक्षेच्या तयारीत असलेल्या जीनला फिनियस नदीकाठच्या झाडाकडे बोलावतो. जीन चिडतो, तेव्हा याला अभ्यास करावा लागतो हे फिनियसला ठाऊकच नव्हते, असे उघड होते. स्पर्धा एकाच बाजूने चालली होती! थोड्याच वेळात दोघे झाडावर चढतात. जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते आणि फिनियस कोसळून त्याचा पाय निकामी होतो. मित्र वैरी वाटत होता तोवर जीनचा तोल गेला नव्हता. तो वैरी नाही हे कळल्यावर गेला. हे हेतुपुरस्सर होते का, याचा निवाडा लेखक करीत नाही, आणि तेच उचित आहे.

जीन कबुली द्यायला जातो, पण फिनियस ती ऐकूनच घेत नाही. मग एकाच्या भीतीने आणि दुसऱ्याच्या मायेने ते गुपित गाडले जाते. मधली युद्धविषयक प्रकरणे काहीशी रेंगाळतात, चिकाटीने वाचावीत. कारण काही महिन्यांनी सोबती रात्री लुटुपुटीची न्यायसभा भरवितात, तेथे एक साक्षीदार बोलू लागतो आणि फिनियस धावत बाहेर पडून संगमरवरी जिन्यावरून पडतो. पाय पुन्हा मोडतो.

रुग्णशय्येवर तो जीनला एवढेच विचारतो, की त्या क्षणी मनात द्वेष नव्हता ना? नव्हता, असे जीन सांगतो, आणि फिनियस विश्वास ठेवतो. त्याच दिवशी शस्त्रक्रियेत त्याचा मृत्यू होतो. अंत्यविधीच्या वेळी जीनच्या डोळ्यांत पाणी येत नाही. तो विधी आपलाच आहे असे त्याला वाटत असते.