यादीबाहेरचा नकार

सार्वमत म्हटले की आपला कार्यकर्ता हरखतो. लोकांना विचारले, लोकांनी सांगितले, प्रश्न मिटला! परंतु विचारण्याआधी 'लोक' म्हणजे कोण हे कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. ऑस्ट्रेलियातल्या किंबा या गावी २०१९ साली झालेले मतदान मी त्यासाठीच इथे मांडतो आहे.

किंबा हा दक्षिण ऑस्ट्रेलियातला गव्हाच्या कोरडवाहू शेतीचा मुलूख. सिडनीजवळ लुकास हाइट्स येथे सरकारी अणुभट्टी आहे. तिथे रोगनिदानासाठी लागणारी किरणोत्सर्गी औषधे तयार होतात आणि कचराही साठतो. त्यातला सौम्य कचरा, म्हणजे हातमोजे, कपडे, काचसामान, किंब्याजवळ कायमचा पुरायचा, आणि हजारो वर्षे घातक राहणारा मध्यम तीव्रतेचा कचरा 'तात्पुरता' ठेवायचा, असा बेत होता. 'तात्पुरता' या शब्दाचा सरकारी अर्थ काय होतो, हे आपल्याकडच्या कोणाही धरणग्रस्ताला विचारावे.

नपांडी नावाच्या शेतातली १६० हेक्टर जमीन तिच्या मालकाने आपण होऊन देऊ केली. सरकारने ४५ नोकऱ्या आणि गावासाठी सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरचे साहाय्य कबूल केले. होकार देणाऱ्या गावकऱ्यांना लोभी ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. पाऊस चुकला की ज्या गावाची शाळा आणि दुकाने ओस पडू लागतात, त्या गावाला ४५ नोकऱ्या थोड्या नव्हेत. दारिद्र्याच्या दारात धोका नेऊन ठेवायचा आणि त्याला संमती म्हणायचे, ही रीत जगभर एकच आहे.

मतदान टपालाने झाले. यादीत ८२४ नावे होती. होकार ४५२, नकार २८२. म्हणजे होकाराला जवळजवळ ६२ टक्के. वर्तमानपत्रांना एवढे पुरले.

आता यादी पाहू. ती स्थानिक कौन्सिलच्या हद्दीतले रहिवासी आणि तिथे मालमत्ता कर भरणारे यांची होती. या प्रदेशाचे मूळ धनी बार्नगार्ला लोक. त्यांच्या जमिनीवरच्या मूळ हक्कांना न्यायालयाने २०१५ साली मान्यता दिली. परंतु गोऱ्यांच्या वसाहतीने पांगवलेले हे लोक आज बहुतेक पोर्ट ऑगस्टा, व्हायला, पोर्ट लिंकन अशा शहरांत राहतात. म्हणून ते रहिवासी नव्हेत. आणि मूळ हक्काच्या जमिनीवर मालमत्ता कर बसत नाही. म्हणून ते करदातेही नव्हेत. आम्हालाही मत द्या, असे त्यांनी मागितले. कौन्सिलने नाकारले. ते न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये हरले. अपिलातही २०२० मध्ये हरले. न्यायालयाचे म्हणणे असे की, यादी वंश पाहून केलेली नाही, रहिवास आणि कर पाहून केली आहे.

हे वाचताना मला आपला १९१९ सालचा प्रसंग आठवला. साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हेच दाखवले होते : मालमत्तेच्या अटीवर मताधिकार दिला की अस्पृश्य मतदार जवळपास उरतच नाही. नियमात जात लिहिलेली नसते. ती सातबाऱ्यात लिहिलेली असते. माझ्या वडिलांच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. आमच्या भागात तलावासाठी जमिनी गेल्या तेव्हा बाधितांच्या यादीत त्यांचे नाव आले नाही, कारण त्यांचे काही गेलेच नव्हते. गेली ती फक्त मजुरी.

बार्नगार्लांनी मग आपले स्वतंत्र मतदान घेतले. त्यांच्या यादीत २०९ जण. ८३ मते पडली; त्या ८३ पैकी एकही होकार नव्हता. प्रामाणिकपणे हिशेब केला तर ही मते मिळवूनही ४५२ विरुद्ध ३६५ असा होकारच पुढे राहतो. मात्र दोन्ही याद्यांतले १,०३३ मतदार धरले तर ४५२ हे ४४ टक्केही भरत नाहीत. पण मला हा बेरजेचा प्रश्न वाटत नाही. त्या जागेशी त्यांच्या स्त्रियांची सात बहिणींची परंपरा जोडलेली आहे (या बहिणी म्हणजे आपल्या कृत्तिका). जिथे एक समाज म्हणून विचारायला हवे होते, तिथे त्यांना सुटी डोकी म्हणूनही मोजले नाही. याच राज्यात मारालिंगा येथे १९५६ पासून ब्रिटिशांनी अणुस्फोट केले, तेव्हाही तिथल्या आदिवासींना कोणी विचारले नव्हते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मंत्री कीथ पिट यांनी नपांडी जाहीर केले. बार्नगार्ला पुन्हा न्यायालयात गेले आणि जुलै २०२३ मध्ये जिंकले. गंमत अशी, की ते मताधिकाराच्या मुद्द्यावर जिंकले नाहीत. मंत्र्यांनी त्यांचे म्हणणे ऐकण्याआधीच मन बनवले होते असे कोणाही तटस्थ माणसाला वाटेल, म्हणून निर्णय रद्द झाला. यादीबद्दलचा जुना निकाल आहे तिथेच आहे. ऑगस्टमध्ये सरकारने किंब्याचा बेत सोडून दिला, आणि लुकास हाइट्सचा कचरा लुकास हाइट्सलाच राहिला.