चुकलेल्याला पुढची गाडी सांगा: इम्युलेटरमधले एरर मेसेज

आपल्या धाराशिवच्या स्टँडवर तुळजापूरला निघालेला माणूस चुकून लातूरच्या गाडीत चढला, तर कंडक्टर काय म्हणतो? "ही लातूरची हाय, तुमी सोलापूरची धरा." चूकही कळली, पुढं काय करायचं तेही कळलं. एरर मेसेजनं एवढंच करायचं असतं.

इम्युलेटर म्हणजे आपल्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा संगणक. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेला क्यूएमू घ्या. त्यात एआरएमचं यंत्र चालू करताना बोर्ड कोणता ते सांगायला नवखे विसरतात. क्यूएमू म्हणतो: यंत्र सांगितलेलं नाही, ठरलेलं असं एकही नाही, यादी हवी तर अमुक लिहा. कंडक्टरच की हा!

आता लिनक्सवरचं दुसरं उदाहरण. केव्हीएमपर्यंत पोचता आलं नाही, 'परमिशन डिनाइड'. संपलं. कुणाची परमिशन, मागायची कुठं? मग पोरं सरळ सुडो लावतात. काम होतं, पण त्या वेळी तयार झालेली डिस्कची फाइल रूटच्या मालकीची होते आणि उद्या साध्या खात्यातून ती उघडत नाही. एका चुकीच्या दोन झाल्या. खरं तर बहुतेक वेळा आपलं खातं केव्हीएम गटात घालून पुन्हा लॉगिन केलं की भागतं. तेवढी एक ओळ जोडली असती तर? आणि त्याच वाक्याच्या शेवटी 'अशी फाइलच नाही' आलं, तर दुखणं वेगळं: अनेकदा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. तिथं गटाचा सल्ला देऊन उपयोग नाही.

मला सगळ्यात आवडतो तो डिस्कच्या कुलपाचा मेसेज. एकच डिस्क दोन यंत्रांना लावली आणि दोघंही त्यावर लिहू लागली, तर आतली फाइल सिस्टिम बिघडते, सगळं काम जातं. म्हणून २०१७ च्या २.१० आवृत्तीपासून क्यूएमू डिस्कला कुलूप लावतो. दुसरं यंत्र चालू केलं की म्हणतो, लिहिण्याचं कुलूप मिळालं नाही; आणि खाली विचारतो, दुसरं कुणी ही इमेज वापरतंय का? विचारतो, बरं का. कारण त्याला खात्री नाही. अंदाज असेल तर तो अंदाजासारखाच मांडावा. कुलूप बंद करायची सोयही आहे, पण ती इथं सुचवलेली नाही. बरंच केलं.

एकानं आत्ता विचारलं, सर, मेसेज मराठीत का नको? जरूर लिहा. फक्त मूळ इंग्रजी ओळ खाली तशीच ठेवा, नेटवर शोधायला तीच लागते.