कलावंताची फाइल

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या हॉस्टेलमध्ये एकच प्रश्न गाजतो, 'वर्गणी किती?' सेटचे पडदे, ढोलकीवाल्याची बिदागी, भाड्याचे कपडे... सगळं जमवता जमवता मेसचं बिल थकतं. तरी आपलं भागतं, कारण आपलं पोट त्यावर नाही. पण ज्यांचं पोटच कलेवर आहे त्यांचं काय? खान्देशी तमाशाच्या फडाला यात्रेत चार सुपाऱ्या कमी मिळाल्या की पुढचं अख्खं वर्ष ओढाताणीचं जातं. वहीगायन करणारी मंडळी तर डफ घेऊन रात्र रात्र गातात आणि सकाळी शेतात मजुरीला जातात.

यांच्यासाठी काही सोय आहे की नाही, हे मी शोधायला बसलो. बऱ्याच फायली चाळल्यावर कळलं ते असं : पैसा आहे. थोडा आहे, उशिरा येतो, पण आहे. फक्त तो कलेच्या मागून येत नाही, कागदाच्या मागून येतो. आणि कागद रंगवणं हा तर आपला, इंजिनिअरिंगवाल्यांचा हातखंडा!

आधी थोडा इतिहास

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि त्यांच्या नावाने दरवर्षी संगीत महोत्सवही भरतो. या बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली सुरू झाली. भरजरी शालू, उंची अत्तरं, नाटकाच्या वैभवात काही म्हणजे काही कमी नाही. प्रेक्षक तर वेडे झाले होते. तरीही कंपनी कर्जात बुडाली. नुसत्या लोकप्रियतेवर कलेचा हिशेब जुळत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

स्वातंत्र्यानंतर राजेरजवाड्यांचा आश्रय संपला आणि सरकार पुढे आलं. १९५४ साली राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. जळगाव हेही तिचं एक केंद्र आहे, हे आपल्यातल्या नाटकवाल्यांना माहीत आहेच. १९६० मध्ये साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही, त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी ती मदत करते. आपल्या भित्तिपत्रकाच्या कवींनी कान टवकारावेत!

पैसा कुठे कुठे आहे?

१) तुमच्या-आमच्यासाठी : केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलावंत शिष्यवृत्ती. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. देशभरात जास्तीत जास्त ४०० जणांना मिळते. अट अशी की गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिक्षण झालेलं हवं. गायन, वादन, नृत्य, नाटक, चित्रकला, लोककला, सगळं त्यात येतं. आपल्या हॉस्टेलमध्ये गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेले तबलजी दर मजल्यावर एक तरी सापडेल. त्यांची सर्टिफिकेटं ट्रंकेच्या तळाशी पडलेली आहेत, ती वर काढा!

२) पंचविशीनंतर : त्याच मंत्रालयाची फेलोशिप. २५ ते ४० वयाला महिना १०,००० रुपये आणि चाळिशीनंतर २०,००० रुपये, दोन्ही दोन वर्षांसाठी. इथे मात्र संशोधनाचा विषय आणि आराखडा द्यावा लागतो.

३) संस्थांसाठी : गुरु-शिष्य परंपरेच्या योजनेत गुरूला महिना १५,००० आणि शिष्यांना वयाप्रमाणे २,००० ते १०,००० रुपये मिळतात. महोत्सव, कार्यशाळा किंवा नवीन निर्मितीसाठी साधारण ५ लाखांपर्यंत वेगळं अनुदान असतं. पण त्यात सगळा खर्च सरकार उचलत नाही, संस्थेला आपला वाटा घालावा लागतो. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे तमाशा, शाहिरी, दशावतार, खडीगंमत अशा लोककलांच्या पथकांसाठी भांडवली खर्चाचं आणि प्रयोगांचं अनुदान आहे.

४) सरकारबाहेर : बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून कलावंतांना आणि संशोधकांना अनुदान देते. अर्ज भारतीय भाषांत, म्हणजे मराठीतही चालतो. याशिवाय कंपन्यांचा सीएसआर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत कला आणि संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे. आपल्या एमआयडीसीत ट्रेनिंगला गेल्यावर हे एकदा तिथल्या साहेबांना जरूर विचारा.

सगळ्यात जवळची योजना

आता मुद्द्याचं. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं. पूर्वी त्यात अ, ब, क असे वर्ग होते. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये झाले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. अटी ढोबळमानाने अशा : वय ५० च्या पुढे (दिव्यांगांना सवलत), कलेत किमान १५ वर्षं, वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत आणि दुसरी नियमित मासिक पेन्शन चालू नसावी. कलावंत गेल्यावर मानधन त्याच्या पत्नीला किंवा पतीला चालू राहतं.

एका जिल्ह्यातून वर्षाला निवड होते १०० जणांची. जळगाव जिल्ह्यात तालुके १५. म्हणजे तालुक्याला सरासरी सातसुद्धा येत नाहीत! धुळ्याचे तालुके चारच, तिथे सरासरी २५ पडते. पण साक्रीकडचे पावरीवाले, शिरपूरकडचे आदिवासी कलावंत मोजायला घेतले तर तीही कमीच. अशा वेळी दोन सारख्या कलावंतांत निवड कशावर होणार? ज्याची फाइल पुरी, त्याच्यावर.

आमच्या गावात एक वहीगायक आप्पा आहेत, सत्तरीचे. मी त्यांचा अर्ज भरायला बसलो आणि विचारलं, "आप्पा, कलेचा पुरावा काय आहे?" आप्पा हसून म्हणाले, "मन्हं गाणं ऐकी ले, आखो कसाना पुरावा पाहिजे तुले?" बोलणं खरं होतं, पण ते फाइलला लावता येत नाही ना! मग शोधाशोध. कानबाईच्या उत्सवाच्या दोन जुन्या पत्रिका निघाल्या, एका मंडळाचं प्रशस्तिपत्र, पेपरातलं एक कात्रण आणि जळगाव आकाशवाणीचं कार्यक्रमाचं पत्र. हे शेवटचं पत्र उंदराने कोपऱ्यात कुरतडलेलं, पण तारीख शाबूत! पंधरा वर्षं सिद्ध झाली. आप्पांचा अर्ज गेला आहे, निकाल यायचा आहे.

त्यांच्या साथीला चाळीस वर्षं डफ वाजवणारे काका मात्र गेल्या वर्षी वारले. त्यांचा अर्ज कधी कोणी भरलाच नाही. मानधन पत्नीला पुढे चालू राहतं, पण मुळात सुरू झालेलं असेल तर ना? काकू आज कापूस वेचायला जातात.

आपण काय करू शकतो?

व्यक्तीची फाइल अशी लावा : आधार, वयाचा पुरावा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक आणि कलेचे पुरावे वर्षाच्या क्रमाने. पत्रिका नसतील तर आजपासून ठेवा. कार्यक्रम झाला की तारखेसह फोटो काढा आणि आयोजकाचं दोन ओळींचं पत्र घ्या.

पथकाचं असेल तर आधी नोंदणी. सात सभासद जमवून १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली विश्वस्त संस्था म्हणून नोंद करता येते. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. मग पॅन, बँक खातं, दरवर्षीचं ऑडिट आणि केंद्राच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. यातली एक पायरी चुकली की अर्ज तिथेच अडतो.

प्रस्ताव लिहिणं म्हणजे आपला प्रोजेक्ट सिनॉप्सिसच की! काय करणार, का करणार, किती दिवसांत, कोण करणार. बजेट म्हणजे एस्टिमेट : मंडप किती, ध्वनिक्षेपक किती, कलावंतांचं मानधन किती. आकडे गोल करू नका, कोटेशन जोडा. आणि उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे शेवटचं सबमिशन. ते दिल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटत नाही आणि पुढच्या वर्षी दारही उघडत नाही. बिलं जपा! योजनांचे आकडे बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी चालू शासन निर्णय किंवा जाहिरात स्वतः वाचा. एजंटला पैसे देऊ नका, फॉर्मला पैसे लागत नाहीत.

कोणी म्हणेल, कला काय अनुदानावर जगते का? नाही जगत, मान्य. पण कलावंताला औषधाची गोळी लागते, डफाला नवं कातडं लागतं, आणि त्याला पैसेच लागतात.

येत्या सुट्टीत आपण सगळे गावी जाऊ. प्रत्येकाच्या गावात एक तरी भजनी, शाहीर, सोंगाड्या, पावरीवाला असतोच. एक संध्याकाळ त्याच्याकडे बसा, कागद काढा, झेरॉक्स मारा, फाइल लावा. टर्मवर्कच्या इतक्या फायली आपण लावतो, ही एक जास्त लावून बघा. हिचे मार्क मिळणार नाहीत, पण कुणाच्या तरी घरी महिन्याला पाच हजार येतील. बघा पटतंय का!