रास लफान: राहायचं कुठे, हे कोण ठरवतं?

कतारमध्ये, दोह्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर रास लफान हे औद्योगिक शहर आहे. द्रवरूप नैसर्गिक वायूचे अवाढव्य प्रकल्प आणि बंदर. २००४ पासून इथला वायू गुजरातमधल्या दहेजला येतो. फाटकातून आत जायला पास लागतो आणि बायकामुलांसह संसार थाटायची सोय आत नाही.

मग माणसं राहतात कुठे? वायू कंपन्यांच्या कायम नोकरदारांसाठी अल खोर या शहरात आखीव वसाहत आहे: घरं, बागा, आणि ब्रिटिश व भारतीय अशा दोन्ही अभ्यासक्रमांची शाळा. कंत्राटी वेल्डर, फिटर, मचाण बांधणारे मात्र कॅम्पात. एका खोलीत कित्येक खाटा, सामायिक स्वयंपाकघर, ठरलेल्या वेळेची बस. ती चुकली की टॅक्सीचा खर्च अंगावर.

ही विभागणी आपोआप झालेली नाही. २०१० च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबांच्या वस्तीत कामगारांचे कॅम्प ठेवायला बंदी घातली. शिवाय कुटुंब आणायला ठरावीक पगार लागतो. २०२१ पासून किमान वेतन महिना १,००० रियाल आहे. मालकाने सोय केली नाही तर निवाऱ्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० वेगळे. एवढ्यात कुटुंब आणणं शक्यच नाही. मुंबईतही गरीब माणूस दूर ढकलला जातो, पण तिथे निदान लोकलचं तिकीट काढून तो कुठेही जाऊ शकतो.

आखाती नोकरीचा करार हाती आला तर पगाराइतकंच हेही विचारा: राहणं कुठे, खोलीत किती जण, आणि सुट्टीच्या दिवशी बस मिळेल का?