मोटरबोटीत बसण्यापूर्वी काय तपासावे?

पाचोऱ्याहून रेल्वेने थेट मुंबई गाठता येते आणि मुंबई पाहायला गेलेली अनेक कुटुंबे गेटवेवरून घारापुरीची बोट पकडतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लाइफ जॅकेटचा प्रश्न ऐरणीवर आला.

धोका फक्त समुद्रातच असतो असे नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कुगाव-कळाशी दरम्यान अचानक आलेल्या वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. मे महिन्यात सायंकाळी असे वारे आपल्या खान्देशातही सुटतात.

लाइफ जॅकेट आधीच का घालायचे?

बोट उलटायला काही क्षण पुरतात. तेवढ्या वेळात बाकाखालचे जॅकेट शोधून, बंद लावून घालणे जवळपास अशक्य असते. म्हणून ते काठावरच घाला. सगळे बंद लावा, मग कुणाला तरी खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीवर सरकले, तर ते सैल आहे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही. पोहता येणाऱ्यांनीही ते घालावे, कारण डोक्याला मार लागला की पोहणे कामी येत नाही.

बसण्यापूर्वी काय पाहायचे?

• बोटीवर प्रवासी क्षमता लिहिलेली असते. माणसे मोजा. जास्त असतील तर पुढच्या फेरीची वाट पाहा.
• चालक दारू प्यायलेला वाटला, तर बसू नका.
• स्पीडबोटीत इंजिनाच्या स्विचला जोडलेली दोरी चालकाने मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी. तो पाण्यात पडला, तर दोरी सुटून इंजिन बंद पडते. नाहीतर बिनचालकाची बोट भरकटते आणि पाण्यातल्या माणसांवरही येऊ शकते.
• आभाळ भरून आले किंवा वारा वाढला, तर फेरी रद्द करा.

बोटीत बसल्यावर

सेल्फीसाठी सगळे एका बाजूला गेले की तोल जातो. चालत्या बोटीत उभे राहू नका, काठावर बसू नका. पाण्यातून बोटीत चढताना आधी इंजिन बंद करायला सांगा, कारण मागचा पंखा पाण्याखाली दिसत नाही.

बोट उलटलीच तर?

बोट तरंगत असेल तर तिला धरून राहा. पाण्यातून काठ दिसतो त्याहून बराच लांब असतो आणि अंगावरचे कपडे ओढतात. एकत्र असलेली माणसे शोधपथकाला लवकर दिसतात. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४.

जॅकेट मागितल्यावर ‘दहा मिनिटांची तर फेरी आहे’ असे उत्तर मिळाले, तर पैसे परत घ्या आणि काठावरच थांबा.